मॉरिशसची ब्रिटिशकालीन नाणी : नवख्या संग्राहकासाठी मार्गदर्शन

परदेशी नाणी जमवण्याची इच्छा असणाऱ्याने पहिला देश कोणता निवडावा, असे मला कोणी विचारले तर मी मॉरिशसचे नाव सुचवतो. हा संच आटोपशीर आहे. १८७७ पासून १९६८च्या स्वातंत्र्यापर्यंतच्या नव्वद वर्षांत या बेटासाठी पाडलेल्या नाण्यांचे प्रकार तीसच्या आसपास भरतात, म्हणजे चार-पाच वर्षे नेटाने आणि बेताच्या खर्चात शोध घेतला तर संग्रह पुरा होण्याची खरी शक्यता असते. शिवाय या बेटाचा पैसा आपल्या रुपयाशी इतका जोडलेला आहे की मराठी वाचकाला त्यात परके वाटण्यासारखे फार थोडे आहे. कोकणातून आणि घाटावरून मुंबई बंदरामार्गे गिरमिटावर गेलेल्या मजुरांना ज्या चलनात पगार मिळे, तो रुपयाच होता. सुरुवातीच्या करारांत पुरुष मजुराचे महिन्याचे वेतन पाच रुपये लिहिलेले असे.

हा लेख संग्रह कसा आखावा, नाणे हातात घेऊन कसे वाचावे, कुठून आणि कसे विकत घ्यावे आणि घरी कसे सांभाळावे, याविषयी आहे. मात्र नाण्यांचा क्रम लागण्यासाठी आधी थोडा इतिहास ठाऊक असायला हवा.

बेटावर रुपया कसा आला

ब्रिटिशांनी हे बेट डिसेंबर १८१० मध्ये फ्रेंचांकडून जिंकले आणि १८१४च्या पॅरिस तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. त्या काळी बेटावर कोणतेही एक चलन नव्हते. स्पॅनिश डॉलर, फ्रेंच नाणी, भारतातले रुपये असे सारे एकाच बाजारात फिरत असे. लंडनच्या सरकारने १८२५ मध्ये सगळ्या वसाहतींत ब्रिटिश चांदीची नाणी चालवण्याचा हुकूम काढला, परंतु मॉरिशसच्या बाजाराने तो मनापासून कधीच स्वीकारला नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी करारबद्ध भारतीय मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईच्या बंदरात उतरली आणि पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे त्याच वाटेने आली. ज्या घाटावर ती उतरली तो आप्रवासी घाट आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. माणसांबरोबर तांदूळ, कापड आणि व्यापारी आले, व्यापाऱ्यांबरोबर रुपया आला, आणि अखेर १८७६ मध्ये सरकारने रुपया हेच बेटाचे अधिकृत चलन ठरवले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८७७ मध्ये, रुपयाचे शंभर भाग करून मॉरिशसची स्वतःची सेंट नाणी निघाली.

या निर्णयात संग्राहकासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. बेटाने १८७७ मध्ये स्वतःचे पाडले ते फक्त सुटे पैसे, म्हणजे १, २ आणि ५ सेंटची कांस्य नाणी आणि १० व २० सेंटची चांदीची नाणी. रुपया मात्र भारतातलाच चालू राहिला. मॉरिशसचे नाव असलेला पहिला रुपया १९३४ सालचा आहे. मधली सत्तावन्न वर्षे पोर्ट लुईच्या दुकानात जो रुपया मोडला जाई, तो मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेला असे.

पहिली पायरी : यादी आखणे

नवख्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे समोर येईल ते नाणे घेत जाणे. दोन वर्षांनी डबा भरतो, पण त्यात एकाच प्रकारची सहा नाणी निघतात आणि सोप्या जागा रिकाम्या राहतात. म्हणून पहिले नाणे घेण्याआधी वहीच्या एका पानावर यादी करावी आणि ती राज्यकर्त्यांनुसार पाडावी.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील पाच नाणी वर आलीच आहेत. त्यानंतर सातव्या एडवर्डचे नाव कोणत्याही मॉरिशस नाण्यावर येत नाही. १९०१ ते १९१० या त्याच्या कारकिर्दीत बेटासाठी नाणी पाडलीच गेली नाहीत. पाचव्या जॉर्जच्या काळात १९११ पासून पुन्हा कांस्य सेंट निघाले आणि १९३४ मध्ये पाव, अर्धा आणि पूर्ण रुपया ही चांदीची नाणी आली. सहाव्या जॉर्जच्या काळात प्रकार सर्वांत जास्त आहेत, कारण युद्धामुळे आणि युद्धानंतर धातू, टांकसाळ आणि राजाची पदवी असे तिन्ही बदलत गेले. दुसऱ्या एलिझाबेथची नाणी १९५३ पासून सुरू होतात आणि आपल्या संग्रहापुरती ती १९६८ पर्यंतच घ्यावीत.

माझा आग्रहाचा सल्ला असा आहे की संग्रह काळाच्या उलट दिशेने भरावा. एलिझाबेथ आणि सहावा जॉर्ज यांची नाणी अजून सहज आणि चांगल्या स्थितीत मिळतात. त्यांच्यावर हात आणि डोळा तयार झाला की पाचव्या जॉर्जकडे जावे आणि व्हिक्टोरियाची चांदी सर्वांत शेवटी शोधावी. दहा सेंटचे ते नाणे जेमतेम सव्वा ग्रॅमच्या आतले, नखाएवढे असते. ते वर्षानुवर्षे हाताळले गेल्याने बहुतेक नमुने इतके झिजलेले असतात की राणीच्या केसांच्या जागी सपाट चकाकी उरते. अनुभव नसताना अशा नाण्याला चांगल्या नाण्याचा भाव देणारे लोक मी पाहिलेले आहेत.

या यादीत एक भर मी नेहमी घालायला लावतो, जरी ती जगातल्या नाण्यांच्या छापील सूचीच्या मॉरिशस विभागात सापडणार नाही. १८७७ ते १९३४ या काळातले भारतातले दोन-तीन चांदीचे रुपये याच संग्रहात ठेवावेत, एक व्हिक्टोरियाचा, एक सातव्या एडवर्डचा, एक पाचव्या जॉर्जचा. एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० या वर्षांचे आहेत आणि त्यांवर राजाच्या डोक्यावर मुकुट नाही. त्या राजाची मॉरिशसमधली रिकामी जागा हाच रुपया भरून काढतो, कारण बेटावर तोच चालत होता. सूचीप्रमाणे जमवलेला संच देशाच्या नावाने पूर्ण होतो. मला मात्र एका मजुराच्या हातात एकाच दिवशी कोणकोणती नाणी असतील, त्याप्रमाणे जमवलेला संच अधिक खरा वाटतो.

तोळा आणि कस

भारतीय रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा होते, आणि त्याचा कस बारात अकरा भाग चांदी असा होता. मॉरिशसचे दहा सेंट १.१७ ग्रॅमचे, म्हणजे तोळ्याचा दहावा भाग, आणि वीस सेंट २.३३ ग्रॅमचे, म्हणजे पाचवा भाग. वजन असे रुपयाशी काटेकोर जुळवले, पण कस मात्र शेकडा ऐंशी ठेवला. सुट्या पैशात हीण जास्त घालण्याची ही रीत अनेक राज्यांची होती, कारण चिल्लर वितळवून चांदी काढणे परवडू नये असा त्यामागचा हेतू असे. १९३४चा रुपया पुन्हा ११.६६ ग्रॅमचा आणि बारात अकरा भागांच्याच कसाचा आहे. अर्धा रुपया ५.८३ ग्रॅमचा आणि पाव रुपया २.९२ ग्रॅमचा आहे.

हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. चांदीचे नाणे तपासताना वजन ही पहिली कसोटी असते. शंभर वर्षे वापरलेल्या नाण्याचे वजन थोडे उतरलेले असणारच. परंतु ते वाढलेले असेल, किंवा फारशी झीज दिसत नसताना बरेच कमी भरत असेल, तर ते नाणे घेऊ नये.

दुसरी पायरी : साधने

महागडे काही लागत नाही. दहा पट मोठे दाखवणारे सोनाराकडचे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा लहान इलेक्ट्रॉनिक काटा, प्लास्टिकचे व्यासमापक, एक लोहचुंबक आणि मऊ कापडाचा तुकडा एवढे पुरे. चुंबकाचे काम सोपे आहे. या काळातील मॉरिशसची नाणी कांस्य, चांदी, किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूची आहेत आणि यांपैकी एकही चुंबकाला चिकटत नाही. चिकटले तर पुढची तपासणी करण्याची गरज उरत नाही.

नाणे नेहमी कडेने, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरावे आणि खाली टेबलावर कापड पसरलेले असावे. बोटाच्या घामाचा ठसा कांस्यावर काही महिन्यांत काळ्या डागासारखा उमटतो आणि तो पुन्हा निघत नाही.

तिसरी पायरी : नाणे वाचणे

पाचव्या जॉर्जचे १९१७ सालचे पाच सेंटचे नाणे समोर आहे असे समजू या. कांस्याचे, तळहातावर जाणवेल इतके मोठे आणि चॉकलेटी रंगाचे. दर्शनी बाजूला डावीकडे तोंड केलेला, मुकुट घातलेला राजा आणि त्याच्याभोवती इंग्रजीत ‘पाचवा जॉर्ज, राजा आणि भारताचा सम्राट’ या अर्थाची अक्षरे. मागील बाजूस मधोमध मोठा पाचाचा अंक, भोवती बेटाचे नाव, मूल्य आणि वर्ष. नक्षी जवळजवळ नाहीच. नाणे खिडकीजवळ न्यावे, दिव्याखाली नव्हे, आणि हळूहळू तिरपे करत राजाच्या भुवईकडे, दाढीकडे आणि मुकुटाच्या पट्ट्याकडे पाहावे. मुकुटाच्या पट्ट्यातील रत्ने वेगवेगळी मोजता आली तर नाणे कमी वापरलेले आहे. पट्टा एकसलग रेघ दिसत असेल तर ते मध्यम आहे. पट्टाच दिसत नसेल तर ते केवळ जागा भरण्यापुरते घ्यावे आणि त्याला तेवढाच भाव द्यावा. या एका सवयीने झिजेचा अंदाज जितका पक्का येतो, तितका नाण्याची स्थिती सांगणारी दर्जाची इंग्रजी आद्याक्षरे पाठ करून येत नाही.

राजाच्या पदवीकडे लक्ष द्यायला मी खास सांगतो. सहाव्या जॉर्जच्या १९४३ ते १९४७ या काळातील एक आणि दोन सेंटवर तो भारताचा सम्राटही आहे. १९४९च्या नाण्यांवर मात्र फक्त ‘राजा सहावा जॉर्ज’ एवढेच उरले. मधल्या काळात भारत स्वतंत्र झाला होता. आकार, धातू, मागच्या बाजूची मांडणी सारे तेच, पण सूचीत हे दोन वेगळे प्रकार आहेत. विक्रेत्याच्या डब्यात ते बहुधा एकत्र मिसळलेले असतात आणि एकाच भावात मिळतात. आपल्या देशाचे स्वातंत्र्य हिंदी महासागरातल्या एका बेटाच्या पैसाभर नाण्यावर उमटलेले पाहणे, हा या संग्रहातला माझा सर्वांत आवडता क्षण आहे. ही जोडी नवख्याने लवकर मिळवावी.

टांकसाळीच्या खुणा वाचायलाही शिकावे. मॉरिशसची बहुतेक नाणी लंडनच्या रॉयल मिंटमध्ये पाडली गेली आणि त्यांवर कोणतीही खूण नसते. १८७७च्या पहिल्या संचावर इंग्रजी ‘एच’ हे लहान अक्षर आहे. ती नाणी बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची आहेत आणि पुढेही काही वर्षांच्या नाण्यांवर हे अक्षर येते. दुसऱ्या महायुद्धात लंडनहून नाणी पाठवणे जोखमीचे झाले, तेव्हा १९४२ पासूनचे पाच सेंट आणि १९४३ पासूनचे एक व दोन सेंट दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे पाडले गेले. त्यांवर ‘एसए’ ही अक्षरे आहेत. भिंगाशिवाय ती नजरेतून सुटतात. सोबत ठेवलेल्या भारतीय रुपयांची खूणही याच वेळी पाहावी. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर वर्षाच्या खाली लहान फुलाजवळ एक ठिपका असेल तर तो मुंबईचा आणि ठिपका नसेल तर कलकत्त्याचा.

आता अर्ध्या रुपयाकडे वळू. १९३४ मध्ये जॉर्ज क्रूगर ग्रे या कलावंताने केलेल्या या नाण्याच्या मागील बाजूस एक शिंगाडे हरीण उभे आहे. माझ्या मते वसाहतकाळातील मॉरिशसचे हे सर्वांत देखणे नाणे आहे. त्याच वर्षीच्या रुपयावर बेटाची ढाल आहे आणि तिच्या चार चौकटींत जहाज, ताडाची झाडे, किल्ली आणि तारा आहेत. हरणाचे हे चित्र पुढेही तसेच राहिले, पण धातू बदलत गेला. १९३४चा अर्धा रुपया बारात अकरा भाग चांदीचा आहे. १९४६चा अर्धा रुपया तेवढ्याच वजनाचा असला, तरी त्यात निम्मीच चांदी आहे. १९५० पासूनच्या नाण्यात चांदी मुळीच नाही, ते तांबे-निकेलचे आहे. वापरलेल्या नाण्यांच्या ढिगात ही तिन्ही नाणी पहिल्या नजरेला एकसारखी दिसतात. तेव्हा ‘हरणाचा अर्धा रुपया, चांदीचा’ असे कोणी म्हटले की आधी वर्ष वाचावे, मग राजा पाहावा आणि त्यानंतरच भावाचे बोलणे काढावे.

वर्ष वाचण्याचे आणखी एक कारण आहे. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले, पण प्रजासत्ताक झाले ते १९९२ मध्ये. मधल्या काळात, १९७८ पर्यंतच्या नाण्यांवर एलिझाबेथ राणीच आहे. राणीचे चित्र आहे म्हणजे नाणे वसाहतकाळातले, असा समज करून घेऊ नये. तसाच डोडो पक्षी. बेटाची ओळख असलेला हा पक्षी वसाहतकाळातील नाण्यावर मुख्य चित्र म्हणून कधी आलाच नाही, तो आला १९७१च्या दहा रुपयांवर. डोडोचे नाणे ब्रिटिशकालीन म्हणून कोणी पुढे केले तर विक्रेत्याला एक तर माहिती नाही किंवा तो ती सांगत नाही.

चौथी पायरी : खरेदी

मुंबईत फोर्ट भागातील जुन्या नाण्यांचे विक्रेते, चोर बाजार आणि पुण्या-मुंबईत भरणारी नाणे-प्रदर्शने येथे मॉरिशसची नाणी अधूनमधून निघतात. बहुतेकदा ती परदेशी नाण्यांच्या मिश्र डब्यात, श्रीलंका आणि पूर्व आफ्रिकेच्या नाण्यांत मिसळलेली असतात. मिश्र डब्याजवळ घाई करू नये. विक्रेत्याची परवानगी घेऊन खाली बसावे आणि एकेक नाणे कडेने उचलून पाहावे. एकाच विक्रेत्याकडे वर्षभर जात राहिलो की तोच आपल्यासाठी नाणी बाजूला काढून ठेवू लागतो. घाटकोपरला राहणाऱ्या एका ज्येष्ठ संग्राहकांकडे मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी मला काही विकले नाही. दोन तास फक्त नाणी दाखवली आणि म्हणाले, ‘आधी पन्नास बघ, मग एक घे.’ त्यांचा हा सल्ला मी आजही पाळतो.

विक्रेत्यांच्या पाकिटांवर ‘केएम’ असे लिहून पुढे एक क्रमांक दिसतो. तो क्राउज आणि मिशलर यांच्या जागतिक नाणेसूचीतला क्रमांक आहे आणि जगभरातले व्यापारी तोच वापरतात. आपल्या यादीत प्रत्येक प्रकारासमोर तो क्रमांक लिहून ठेवला की संगणकावरून परदेशातल्या विक्रेत्याशी बोलताना गैरसमज होत नाहीत. नुमिस्टा या संकेतस्थळावर छायाचित्रे, वजने आणि वर्षांच्या याद्या विनामूल्य पाहता येतात. लिलावाच्या संकेतस्थळावर मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विक्री झालेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव ठरवताना नेहमी विकल्या गेलेल्या नाण्यांच्याच किमती पाहाव्यात.

दूरवरून घेताना दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे, वजन आणि परत करण्याची सोय या तीन गोष्टी नसतील तर व्यवहार करू नये. छायाचित्रात कांस्य नाणे तांब्याच्या नव्या भांड्यासारखे झळकत असेल तर ते घासलेले असण्याची शक्यता अधिक. शंभर वर्षांच्या कांस्याचा नैसर्गिक रंग तपकिरी असतो आणि अगदी न वापरलेल्या नाण्यावरही मूळ लाल छटा बहुधा अक्षरांच्या आडोशालाच उरलेली असते.

नकली नाण्याविषयी. एक-दोन सेंटच्या नकला करण्यात कोणाला फायदा नाही, म्हणून नवख्याने त्यांची धास्ती घेऊ नये. चांदीच्या रुपयाबाबत मात्र सावध राहावे. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर भिंगातून बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या मऊ असतात, आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथे नाण्याच्या कडेवर एक बारीक शिवण उरते किंवा ती घासून काढल्याची खूण दिसते. खऱ्या, ठोकून पाडलेल्या नाण्याची अक्षरे मैदानातून, म्हणजे नाण्याच्या सपाट भागातून, ताठ उभी राहिलेली असतात.

पाचवी पायरी : न धुणे

या भागावर मी थांबतो, कारण इथे झालेली चूक परत फिरवता येत नाही. माझ्याकडे आलेला पहिला १८७७चा एक सेंट गडद तपकिरी होता आणि राणीच्या केसांची वेणी स्पष्ट दिसत होती. आमच्या घरी देवाची तांब्याची भांडी चिंचेने उजळत, तशीच मी ते नाणे चिंचेच्या कोळाने चोळले. दोन मिनिटांत ते गुलाबी झाले. मला आनंद झाला आणि आठवड्याभरात तो ओसरला, कारण त्यावर ठिपक्याठिपक्यांची काळपट छटा चढली आणि मूळचा एकसंध तपकिरी थर पुन्हा आला नाही. धातूने शंभर वर्षांत स्वतःभोवती जे संरक्षक कवच तयार केले होते, ते आम्लाने खाऊन टाकले होते. ते नाणे मी अजून ठेवले आहे आणि नवीन येणाऱ्यांना दाखवतो.

म्हणून चिंच, लिंबू, राख, भांडी घासण्याची पावडर, दंतमंजन, चांदी उजळण्याचे द्रावण यांपैकी काहीही लावू नये. चांदीवरचा काळपट किंवा निळसर थर हा नाण्याचा दोष नाही. जाणते संग्राहक अशा नाण्याला जास्त भाव देतात. नाण्यावर सैल माती असेल तर ते ऊर्ध्वपातित पाण्यात तासभर ठेवून, न चोळता, मऊ कापडावर टिपून वाळवावे. जुन्या प्लास्टिकच्या पाकिटामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर आला असेल, तर तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवून निघतो. हे काम काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून दूर करावे. कांस्यावर फिकट हिरवी, नखाने भुकटी होणारी बुरशीसारखी वाढ दिसली तर ते नाणे लगेच इतरांपासून वेगळे करावे. तो धातूचा रोग आहे आणि दमट हवेत तो वेगाने वाढतो.

सहावी पायरी : पावसाळा

कोकणपट्टीत नाण्यांचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर हे चार महिने आहेत. स्वस्त, मऊ आणि वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नयेत, कारण त्यांतील रसायन सुटून हिरवा थर धरतो. पारदर्शक खिडकीची पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटे वापरावीत. ती बंद करताना टाचणीयंत्राची टाचणी आतल्या बाजूने पूर्ण दाबावी, नाहीतर ती शेजारच्या नाण्याला ओरखडा काढते. पाकिटे हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. पुड्या पावसाळ्यात महिन्याला एकदा बदलाव्यात किंवा वाळवून घ्याव्यात. लाकडी कपाट आणि डांबराच्या गोळ्या नाण्यांच्या आसपास नकोत. डबा उघडून नाणी पाहण्याचा दिवस कोरड्या हवेचा निवडावा.

कायद्याची एक बाब

भारतातील १९७२च्या पुरातन वस्तू व कलासंपत्ती कायद्यात शंभर वर्षांहून जुने कोणतेही नाणे पुरातन वस्तू या व्याख्येत येते. नाणे कुठल्या देशाचे आहे याने फरक पडत नाही. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे मुंबईत घेतलेला व्हिक्टोरियाचा मॉरिशस सेंट आपण मॉरिशसला जाताना भेट म्हणून सोबत नेऊ शकत नाही, मग त्याची किंमत कितीही किरकोळ असो. तेथील मराठी कुटुंबांत नातेसंबंध असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण असे नाणे भेट द्यावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परदेशातून टपालाने नाणी मागवताना पाकिटावर खरे वर्णन आणि खरी किंमत लिहायला विक्रेत्याला आधीच सांगावे आणि पावती जपून ठेवावी.

१८७७ पूर्वीची नाणी

संच बराच भरल्यावर मागे वळून पाहण्याची इच्छा होते. तिथे नाणी थोडी आणि महाग आहेत, पण त्यांची माहिती तरी असावी. फ्रेंच काळात सोळाव्या लुईच्या नावाने १७७९ ते १७८१ या वर्षांची तीन ‘सू’ (सू म्हणजे फ्रेंच सुटा पैसा) किमतीची लहान हिणकस चांदीची नाणी या बेटासाठी आणि शेजारच्या बूर्बों, म्हणजे आजच्या रेयुन्यों बेटासाठी निघाली. ब्रिटिश येण्याच्या अगदी तोंडावर, १८१० मध्ये, बेटाचे फ्रेंच गव्हर्नर दकां यांनी पकडलेल्या पोर्तुगीज जहाजावरची चांदी वितळवून बेटावरच दहा लीव्रचे (लीव्र हे जुने फ्रेंच चलन) मोठे नाणे पाडले. त्यावर मुकुटधारी गरुड आहे आणि त्याचा साचा अव्हलिन या कारागिराने कोरला. ब्रिटिशांनी १८२२ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत २५ आणि ५० ‘सू’ किमतीची चांदीची नाणी पाडून घेतली. गंमत अशी की इंग्रजी राज्याच्या या नाण्यांवरचा मजकूर फ्रेंच आहे आणि वर्ष लिहिलेलेच नाही. नव्या सत्तेला बेटाची भाषा बदलता आली नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागत नाही.

यांच्या जोडीला १८२० आणि १८२२ सालची, जहाजाच्या नांगराचे चित्र असलेली ‘नांगराची नाणी’ येतात. ती मॉरिशसबरोबर इतर वसाहतींतही गेली. एका बाजूला राजचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला मुकुट असलेला नांगर. नांगराच्या दोन्ही बाजूंना विभागून रोमन आकडा आहे. हा आकडा स्पॅनिश डॉलरचा कितवा भाग ते सांगतो, त्यामुळे सोळाचे नाणे सर्वांत लहान आणि दोनाचे सर्वांत मोठे. नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. या गटातील सोळावा भाग तुलनेने आवाक्यात असतो, आणि १८७७ पूर्वीचे एकच नाणे घ्यायचे ठरवले तर तेच घ्यावे. दकांचे नाणे मात्र नामांकित लिलावसंस्थेच्या लेखी हमीशिवाय घेऊ नये.

सातवी पायरी : नोंद

नाणे घरी आले त्याच संध्याकाळी त्याची नोंद करावी. दुसऱ्या दिवसावर ढकलली की किंमत आणि ठिकाण विसरले जाते. पाकिटावर पेन्सिलीने लिहावे, शाईने नको. माझ्या वहीतली एक नोंद नमुना म्हणून देतो : ‘मॉरिशस, अर्धा रुपया, १९४६, सहावा जॉर्ज, निम्मी चांदी, वजन ५.७९, हरणाच्या खांद्यावर झीज, शिंगे पूर्ण, कडेवर दोन वाजता लहान टोचा, धुतलेले नाही, फोर्ट येथे मिश्र डब्यातून, पावसाळ्यापूर्वी.’ यातील ‘दोन वाजता’ म्हणजे नाण्याला घड्याळाची तबकडी मानून सांगितलेली जागा. पुढे नाणे बदलले गेले की काय अशी शंका आली तर ही एक खूण ते ओळखायला पुरेशी होते. नोंदीच्या शेवटी मी रिकामी ओळ सोडतो, कारण पुढे कधीतरी त्याच वर्षाचे अधिक चांगले नाणे मिळते आणि मग पहिले कोणाला दिले, ते तिथे लिहायचे असते.